जड पाणी हलकं करणारे निजामभाई

निलंग्यापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या कोनाळवाडीच्या शाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक विचित्र दृश्य पाहिलं. तिसरीतली एक मुलगी वरणातले डाळीचे दाणे एकेक करून वेचत होती आणि ताटाच्या काठावर ओळीनं मांडत होती. मी विचारलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "मॅडम, हे कच्चे हायेत. पाणी पिते अन् दाणे कोंबड्यांना नेते."

लातूरच्या बाजारातली तूरडाळ गाड्या भरभरून दूरदूरच्या गावांना जाते, आणि तिथून दीड तासावरच्या आमच्या शाळेत ती शिजत नव्हती.

शाळेत स्वयंपाक करायच्या गौरम्मा. माहेर बसवकल्याणकडचं, त्यामुळे बोलता बोलता मधेच कानडी डोकावायचं. हाताला चव, स्वभावाला तिखट आणि कामाला वाघीण. डाळ शिजत नाही हे त्यांना एखाद्या डागासारखं टोचायचं. "अय्यो मॅडम," त्या मला म्हणाल्या, "माझ्या घरची पोरं जेवत नसती तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. ही दोनशे पोरं अर्धपोटी उठतात. कुकर म्हातारा झालाय. दुसरं काय?"

म्हणून कुकर दुरुस्त करायला निलंग्याहून माणूस बोलावला, आणि निजामोद्दीन आमच्या शाळेत आले.

जुनी मोपेड, मागं पत्र्याची पेटी, डोक्यावर पांढरी टोपी, साठीला टेकलेलं वय आणि हसरे डोळे. त्यांनी कुकरचं झाकण उलटं केलं, शिटीच्या भोकात तार घातली आणि आतून पांढऱ्या खपल्या काढून तळहातावर घेतल्या. मग पातेल्याच्या तळाला नखानं खरवडलं. तिथंही तोच पांढरा थर. शेवटी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले आणि तोंड वाकडं केलं.

"अक्का, कुकर बेकसूर हाय," ते म्हणाले. "गुन्हेगार नळात बसलाय."

"म्हणजे?"

"पाणी लई जड हाय. बोअर किती खोल गेलंय?"

"साडेपाचशे फूट," मी सांगितलं.

"मग काय. जमिनीतला सगळा चुना घेऊन वर येतंय. तो डाळीला धरतो. डाळीचं साल घट्ट होतं, मऊच पडत न्हाई. तुम्ही दिवसभर शिट्ट्या दिल्या तरी तेच."

गौरम्माचा चेहरा क्षणभर उजळला. इतके दिवस त्या स्वतःला आणि कुकरला दोष देत होत्या. मग लगेच उतरला. "मग यावर औषध काय?"

"औषध?" निजामभाई हसले. "असतं तर मी उपाशी मेलो असतो अक्का. ह्या खपल्यांवरच तर माझं घर चालतंय."

ही गोष्ट खरीच होती. निजामभाईंचे आजोबा आणि वडील कल्हईवाले. निलंग्यापासून उदगीर-देगलूरपर्यंत गावोगाव भाता घेऊन फिरायचे. पितळेच्या भांड्यात नवसागर फिरवला की पांढरा धूर उठायचा, कथलाचा हात फिरला की भांडं चांदीसारखं उजळायचं. लहानपणी निजामभाईंनी भाता ओढला होता. पुढं घराघरांत स्टील आलं आणि कल्हई बसली. त्यांनी स्टोव्ह दुरुस्ती शिकली. गॅस आला, तेव्हा शेगड्या शिकले. मग पाणी तापवायचे रॉड आणि गिझर आले, आणि त्यांना बरे दिवस आले, कारण या भागातलं पाणी वर्षाच्या आत कॉइल खाऊन टाकतं. तीस वर्षं ते पांढरे थर खरवडत होते. खरवडणं, कॉइल बदलणं, पुढच्या घरी जाणं.

पण त्या दिवशी त्यांनी निघता निघता एक प्रश्न विचारला, आणि सगळी गोष्ट तिथून सुरू झाली.

"अक्का, घरी डाळ शिजते का तुमची?"

"घरी शिजते की. घरी मी ग्यानोबाच्या विहिरीचं पाणी आणते. दोन हंडे. ते पाणी गोड हाय. पण शाळेला कितीदा आणणार? अन् होळी झाली की विहीर तळ गाठते."

निजामभाई मोपेडवर बसलेले खाली उतरले. "एकाच गावात एक पाणी जड अन् एक हलकं? कामून?"

गौरम्मा म्हणाल्या, "देवाची करणी." निजामभाई म्हणाले, "देवानं केलं असंल, पण कशानं केलं ते तर बगू."

ग्यानोबाचं शेत शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्या उन्हाळ्यात त्यानं विहीर आणखी खोल करायला काढली होती. काठावर काळ्या दगडांचा ढीग पडला होता आणि त्या काळ्या दगडांच्या पोटात ठिकठिकाणी पोकळ्या होत्या. पोकळ्यांमध्ये पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक चिकटलेले. काही शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे चमकणारे. ग्यानोबाची पोरं त्यांना 'साखरेचे दगड' म्हणायची.

"विहीर अशाच दगडांनी भरलेली हाय," ग्यानोबा म्हणाला. "खोदणारे वैतागले. का हो भाई, हिरे-बिरे हायेत का?"

"हिरे न्हाईत. पण नेऊ का चार?"

"चार कामून, गाडीभर न्या!"

निजामभाईंनी पेटीतली हत्यारं एका बाजूला सारली आणि दगड भरून घरी गेले.

त्यांची मुलगी लायबा लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. शनिवारी ती घरी आली तेव्हा तिच्या अम्मीनं, वहिदाभाभींनी, आधी तक्रार केली, "तुझे अब्बा आता भंगारसोबत दगडपण आणायला लागले." लायबानं दगड हातात घेतला, उन्हात फिरवून पाहिला.

"अब्बा, हा कुठं सापडला?"

"विहिरीत. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते. बाजूच्या बोअरच्या पाण्यात शिजत न्हाई. बोल आता, तू तर शिकून राहिलीस ना?"

लायबा नंतर मला सांगायची, "मॅडम, तीन वर्षं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, की झिओलाइट नावाचं खनिज पाण्यातला चुना धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं. पुस्तकात चार ओळी होत्या. तो दगड आमच्या भागातल्या विहिरीतून निघतो, अन् माझे अब्बा तो पेटीत घालून आणतील, हे कुठं लिहिलं होतं?"

सोमवारी ती दगड घेऊन लातूरला गेली. तिचे माणिकप्पा सर कडक स्वभावाचे. त्यांनी दगड भिंगाखाली पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे झिओलाइटच आहे, आणि कदाचित विहिरीचं पाणी त्यामुळेच हलकं असेल. पण 'कदाचित' हा शब्द विसरायचा नाही. दुसरी, सगळे झिओलाइट सारखे नसतात. "केसासारखे, लोकरीसारखे तंतू दिसले तर त्या दगडाला हात लावायचा नाही. त्याची धूळ छातीत गेली तर जीवघेणी. चपटे, शिंपल्यासारखे चमकणारे तेवढे घ्यायचे, तेही मला दाखवून. आणि फोडताना ओले करून फोडायचे, तोंडाला फडकं बांधून."

मग निजामभाईंच्या अंगणात प्रयोग सुरू झाले. मी तोवर त्या घरी जाऊ-येऊ लागले होते, म्हणून बरंचसं डोळ्यांनी पाहिलं.

पाणी जड की हलकं ते ओळखायची त्यांची रीत साधी होती. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी घ्यायचं, साबणाच्या पाण्याचे दहा थेंब टाकायचे आणि झाकण लावून हलवायचं. हलकं पाणी असेल तर वर फेसाचा ढीग. जड असेल तर फेस नाहीच, नुसतं ताकासारखं गढूळ. पाठ्यपुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणतात. निजामभाईंना हा शब्द फार आवडला. कुणी चिडचिड्या माणूस भेटला की ते म्हणायचे, "हा पण दुष्फेन हाय. कितीबी हलवा, फेस न्हाई."

पहिल्या दिवशी त्यांनी दगडांचे मोठे तुकडे बोअरच्या पाण्यानं भरलेल्या माठात टाकले. दुसऱ्या दिवशी बाटली हलवली. ताक.

मग त्यांना वाटलं, बारीक केलं तर जास्त लागू पडेल. ओला दगड खलबत्त्यात कुटून पीठ केलं, फडक्यात घालून वरून पाणी ओतलं. फडकं असं तुंबलं की तासाभरात वाटीभर पाणी आलं, आणि तेही दुधासारखं. वहिदाभाभी चिडल्या ते वेगळंच. खलबत्ता त्यांच्या माहेरचा होता.

"आता मसाला कशात कुटू? दगडातच कुटू का?"

"नवा आणतो ना."

"नवा नको. माझाच पाहिजे. धुऊन द्या, सात पाण्यांनी."

त्यांनी तो खरंच सात पाण्यांनी धुतला. मी मोजली.

तिसऱ्या वेळी लायबानं ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करायला सांगितले. चाळणीनं चाळून पीठ आणि मोठे खडे बाजूला काढले. दाणे निवळ पाणी येईपर्यंत धुतले. पण बाटलीत फेस आला जेमतेम बोटभर, आणि तोही लगेच बसला.

"कायतरी हाय," निजामभाई म्हणाले, "पण कंजूष हाय."

लायबा कपाळावर हात मारून उठली. "अब्बा! मीठ! दगडाला आधी मीठ पाजायचं असतं. त्याच्याकडं द्यायला सोडियमच नसेल तर तो चुना कशाच्या बदल्यात घेईल?"

"अच्छा, म्हणजे बाजारातला सौदा हाय. रिकाम्या हातानं गेला तर माल कोण देणार!"

जाडं मीठ गरम पाण्यात विरघळवून त्यात दाणे दोन दिवस बुडवून ठेवले. मग पुन्हा पुन्हा धुतले, चाखून पाहिलं तर खारट लागू नये इतके. वीस लिटरच्या नळाच्या डब्यात खाली बारीक खडी, त्यावर धुतलेली वाळू, त्यावर मीठ पाजलेले दाणे, असं बसवलं. निजामभाई त्याला मीठ पाजणं न म्हणता 'कल्हई' म्हणायचे. वरून बोअरचं पाणी ओतलं. पण नळ पूर्ण सोडला, पाणी धो धो खाली आलं, आणि बाटली परत ताकच!

लायबाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. निजामभाई नळाकडे पाहत बसले होते. मग ते हळूच म्हणाले, "कल्हई करताना माझे अब्बा म्हणायचे, हात घाईत फिरला की कथील धरत न्हाई. हे पाणी घाईत जाऊन राहिलंय. दगडाला बोलायला वेळच मिळेना."

त्यांनी नळ इतका बंद केला की सुतासारखी धार उरली. तांब्या भरायला बराच वेळ लागला. बाटलीत पाणी घेतलं, दहा थेंब टाकले, आणि लायबाच्या हातात दिली. "तूच हलव. मीठ तुलाच सुचलं होतं."

तिनं हलवली. फेस वर चढला, झाकणापर्यंत गेला, आणि झाकण उघडताच बाटलीच्या तोंडातून बाहेर येऊन तिच्या बोटांवर सांडला.

वहिदाभाभी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय झालं? कोण पडलं?" कारण बापलेक अंगणात एकमेकांचे हात धरून उड्या मारत होते. साठ वर्षांचा माणूस, टोपी खाली पडलेली, आणि पायाखाली दगडाचे दाणे कचकच वाजतायत.

माणिकप्पा सरांनी नमुना प्रयोगशाळेत तपासला. आधी जडपणाचा आकडा सहाशेचाळीस होता, तो एकशेदहावर आला. सर एरवी कुणाची स्तुती करत नाहीत. त्यांनी कागदावर फक्त 'छान' लिहिलं आणि खाली तीन सूचना. यानं जंतू मरत नाहीत, प्यायचं पाणी उकळायचं किंवा क्लोरिन घालायचं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय त्यांनी हे पाणी पिऊ नये, त्यांना नेहमीचंच द्यावं. आणि दर आठ-दहा दिवसांनी दगडाला पुन्हा मीठ पाजायचं. निजामभाईंनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डब्यावर चिकटवला, आणि पुढं बसवलेल्या प्रत्येक डब्यावर त्याची झेरॉक्स लावली.

आता राहिली गौरम्माची परीक्षा.

निजामभाईंनी शाळेत डबा आणून बसवला तेव्हा गौरम्मांनी हात कमरेवर ठेवून विचारलं, "दगडातून गाळलेलं पाणी माझ्या पोरांना देऊ? कोण म्हणतंय चांगलं हाय?"

"अक्का, माझ्यावर भरवसा ठेवू नका. डाळीवर ठेवा."

रात्रभर गाळून पाणी साठवलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन शेगड्या, दोन सारखी मोठी पातेली, दोन्हीत तेवढीच मोजून डाळ. एकात बोअरचं पाणी, एकात डब्यातलं. कुकर नाही, सोडा नाही, झाकण ठेवून नुसतं उकळायचं. गौरम्मांनी स्वतः घड्याळ लावलं. पहिल्या अर्ध्या तासात दोन्हीकडे सारखंच. गौरम्मा माझ्याकडे पाहून भुवई उडवत होत्या. चौथी-पाचवीची मुलं खिडकीला चिकटली होती. त्यांनी दोन गट पाडले होते: 'नळ' आणि 'दगड'.

पाऊण तास झाला. गौरम्मांनी दगडाच्या पातेल्यातून पळीभर डाळ काढली. अंगठा आणि बोटात एक दाणा धरून दाबला. दाणा लोण्यासारखा सपाट झाला.

त्यांनी दुसरा दाबला. तिसरा. मग दुसऱ्या पातेल्यातला एक दाणा दाबला, तो निसटून थेट भिंतीवर गेला आणि खिडकीतली पोरं खोखो हसली.

गौरम्मा हसल्या नाहीत. त्यांनी दगडाच्या पातेल्यात रवी घातली आणि घुसळायला लागल्या. डाळ घट्ट झाली, पिवळी धमक, एकजीव. रवीतून ती सरकताना येणारा तो थबथब आवाज मी त्या शाळेत पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनी तुपाची नाही, तेलाचीच फोडणी दिली. लसूण, जिरं, कढीपत्ता, थोडी चिंच. पळी तोंडाला लावली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अय्यो, घरच्यासारखं वरण शाळेत आज पहिल्यांदा झालं."

त्या दिवशी एकाही ताटाच्या काठावर दाणे दिसले नाहीत. मुलांनी दोनदा, तीनदा मागितलं. पहिलीतल्या एकीनं वाटी चाटली आणि डोक्यावर टोपीसारखी घालून बघितली. निजामभाई ओट्यावर बसून जेवले. गौरम्मा त्यांना वाढत राहिल्या आणि ते "बस अक्का, बस" म्हणत खात राहिले.

एवढं चांगलं झाल्यावर एक गोंधळ झाला. दगड मिठात भिजवल्यानंतरचं पाणी गौरम्मांनी शाळेच्या कढीपत्त्याच्या झाडाला घातलं. "झाडालाबी पाणी लागतंच की!" चार दिवसांत झाड पिवळं पडलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की निजामभाईंना फोन करून रडल्या. निजामभाई आले, झाडाच्या बुंध्याभोवतीची माती काढून नवी टाकली, आठवडाभर ग्यानोबाच्या विहिरीचं पाणी घातलं, आणि मिठाच्या पाण्यासाठी शाळेमागच्या मुरमाड पडीक जागेत एक वेगळा खड्डा काढून दिला, विहिरीपासून, शेतापासून लांब. झाड वाचलं, पण पुढचे दोन महिने फोडणीत कढीपत्ता नव्हता.

कोनाळवाडीनंतर शेजारच्या गावची शाळा, मग आमच्या फाट्यावरचं चहाचं हॉटेल, मग बाळंतिणींच्या घरांतून मागणी येऊ लागली. ग्यानोबा आपल्या विहिरीचे दगड फुकट द्यायचा, फक्त एक अट: डब्यावर त्याच्या विहिरीचं नाव लिहायचं. निजामभाई रंगानं लिहायचे, 'ग्यानोबाची विहीर', आणि खाली लहान अक्षरात, 'कोनाळवाडी'.

निलंग्याच्या बाजारात त्यांच्या दुकानाला लागून मन्मथचं दुकान. मन्मथ कॉइल आणि रॉड विकतो. त्यानं एक दिवस निजामभाईंना खुर्ची देऊन बसवलं.

"भाई, बसल्या फांदीवर कुऱ्हाड कामून चालवून राहिलात? पाणी हलकं झालं की कॉइल जळणार न्हाई. मग मी काय विकू अन् तुम्ही काय दुरुस्त करणार?"

निजामभाईंनी चहा पिऊन घेतला. मग म्हणाले, "मन्मथ, कल्हई गेली तेव्हा माझे अब्बा असेच बसले होते. म्हणत होते, स्टीलनं आपल्याला खाल्लं. मी तेव्हा पोरगा होतो, पण तेव्हापण मला एक दिसत होतं. कल्हई उडालेल्या पितळेत हिरवट पडलेलं खाऊन घरातली पोरं आजारी पडायची, स्टीलमुळे ते थांबलं. धंदा गेला, पण चांगलं कामच झालं ना? अन् मी काय मेलो का? शेगडी शिकलो. आता पाणी शिकतो."

मन्मथनं रिकामे कप उचलले. मग त्यानं विचारलं, "त्या डब्याला नळ कुठून आणता? माझ्याकडं चांगले नळ हायेत. गळत न्हाईत." त्या दिवसापासून डब्यांचे नळ मन्मथच्या दुकानातून येतात.

लायबा आता एम.एस्सी. करते, विषय अर्थातच हाच. ती आणि माणिकप्पा सर वेगवेगळ्या विहिरींतले दगड तपासतात, त्यातले किती कामाचे, किती नाही, याची वही ठेवतात. बहुतेक कामाचे निघत नाहीत. ती हे न लपवता सांगते, आणि निजामभाईंना तिचा तोच गुण सर्वांत आवडतो.

मागच्या महिन्यात निजामभाईंना नायगावहून फोन आला. पुनम नावाची, महिला बचत गटाची अध्यक्ष. तिच्या मावशीचं गाव आमच्या शेजारी, तिथं तिनं डब्यातल्या पाण्याचं वरण खाल्लं होतं. "काका, आमच्याकडंबी या. आम्ही सगळ्या मिळून बसवू." निजामभाईंनी पोत्यात फोडलेले दगड बांधले, दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर, तिथून नांदेड, तिथून नायगाव असे गेले. सकाळी निघाले ते दुपारी पोचले. पोतं टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "यात काय हाय चाचा?" ते म्हणाले, "वरण."

पुनमनं तिच्या वस्तीतल्या नळाचं पाणी दिलं. निजामभाईंनी घोट घेतला आणि लगेच थुंकला.

"ताई, हे फक्त जड न्हाई. हे खारट हाय. माझा दगड चुना काढतो, मीठ न्हाई. हे बसवलं तर तुमचं काहीच भलं होणार न्हाई."

पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. काहींनी सकाळपासून डबे धुऊन ठेवले होते. पुनमचा चेहरा पडला. "एवढ्या लांबून आलात अन् रिकामे जाणार?"

"रिकामा कामून जाऊ? गावात अजून पाणी कुठं कुठं हाय?"

मग एक वरात निघाली. पुढं निजामभाई, हातात साबणाची बाटली, मागं बायका. गावातल्या बोअरचं पाणी चाखलं. खारं. मारुतीच्या मंदिरामागच्या आडाचं चाखलं. तेही खारट. एका म्हातारीनं माहीत असल्यासारखं सांगितलं, "शाळेपल्याडचा हातपंप बगा. तिथलं पाणी कोणी वापरत न्हाई, साबणाला फेस येत न्हाई म्हणून." निजामभाईंचे डोळे चमकले. "फेस येत न्हाई? अम्मा, हेच तर पाहिजे!"

हातपंपाचं पाणी चाखलं, खारट नव्हतं. बाटली हलवली, ताक. बायका निराश झाल्या, आणि निजामभाई टाळ्या वाजवायला लागले. "हे जड हाय, नुसतं जड! याचं काम होईल!"

त्यांनी स्वच्छ सांगितलं की आधी पाणी तपासून घ्यायचं, मगच प्यायचं. आत्ता फक्त डाळ शिजते का ते बघू. मग तिथंच अंगणवाडीच्या ओट्यावर डबा बसला. बायकांनी दगड धुतले, चाळले. कुणी मीठ आणलं, कुणी गरम पाणी. दाणे भिजायला दोन दिवस लागणार होते, म्हणून निजामभाई नायगावातच राहिले. पुनमच्या सासऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं आणि दोघांनी दोन दिवस कापसाच्या, सोयाबीनच्या आणि नातवंडांच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याची सुतासारखी धार सुटली आणि डाळ चुलीवर चढली.

मी शाळेतून घरी येत होते तेव्हा त्यांचा फोन आला. मागं इतका कालवा होता की काही ऐकू येईना. बायका एकमेकींना ताटं देत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"मॅडम, ऐकू येऊन राहिलं का?"

"भाई, जोरात बोला!"

"शिजली मॅडम! नायगावात शिजली! अन् ऐका, इथल्या बाया फोडणीत शेंगदाण्याचा कूट टाकतात. गौरम्माअक्काला सांगू नका, पण लई चांगलं लागतंय!"

फोन हातातच राहिला. मागून कुणीतरी त्यांना म्हणालं, "काका, अजून घ्या की," आणि मग नुसता हसण्याचा आवाज येत राहिला.